धुळाबांना किती कळतं

स्वारगेटहून सकाळची साताऱ्याची एसटी धरली. मांडीवर पिशवी, पिशवीत चित्रांचे पत्ते आणि कोऱ्या उत्तरपत्रिका. पुण्यातल्या एका संशोधन प्रकल्पासाठी मी गेली दोन वर्षं गावोगाव चाचण्या घेत फिरते. माणसाच्या डोक्यात एका वस्तूचा अर्थ दुसरीशी कसा जोडलेला असतो ते शोधायचं आणि तीच जोडणी संगणकाला शिकवायची, असा आमच्या साहेबांचा बेत आहे. अर्धांगवायूनं वाचा गेलेली माणसं आम्हाला मुद्दाम हवी असतात. बोलता येत नाही, पण समजतं का, हे त्यांच्याकडून पाहायचं.

चाचणी सोपी. वर एक चित्र, खाली दोन. वरच्याशी जुळणाऱ्या चित्रावर बोट ठेवायचं. बरोबर उत्तरं संगणकात भरलेली आहेत, त्यांचाच छापील तक्ता माझ्याजवळ असतो.

खंडाळ्याला (लोणावळ्याजवळचं नव्हे, साताऱ्याचं) चहा घेतला. पुढे खंबाटकीच्या घाटात गाडी तापली. कंडक्टर डबा घेऊन पाणी शोधायला गेला आणि आम्ही तासभर दगडांवर बसून राहिलो. साताऱ्याला पोहोचेपर्यंत दुपार झाली.

तिथे एका निवृत्त मुख्याध्यापिकेची चाचणी होती. वाचा पूर्ण गेलेली. मेंढीचं चित्र दाखवलं, खाली गाय आणि शेत. बाईंनी झटकन गायीवर बोट ठेवलं. जनावराशी जनावर, बरोबर. असे जवळजवळ सगळेच पत्ते जुळले. निघताना मुलाला म्हटलं, "आईंना सगळं कळतं. त्यांच्यासमोर जपून बोला." तो दाराला टेकून रडायला लागला. मला पुढची गाडी गाठायची होती. स्टँडवर पावशेर कंदी पेढे घेतले आणि सांगलीच्या गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून कवठे महांकाळकडे निघाले. मिरज सोडली की ऊस संपतो. मग मुरमाड माळ, बाभळी, मधूनच एखादी कोरडी ताल (शेताचा दगडी बांध). फाट्यावर उतरून अर्धा तास चालले. धनगरांचा वाडा (मेंढरांचा तळ) माळावरच होता. घोंगड्या, भांडी, एक घोडं, आणि कोकरांभोवती वाघर (जाळीचं कुंपण).

धुळाबा दगडाला पाठ लावून बसले होते. साठी उलटलेली, उजवा हात लुळा. उन्हाळ्यात झटका आला, तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. सांगलीच्या एका डॉक्टरांनी मला त्यांचं नाव दिलं होतं. मुलगा बिराप्पा आणि सून हौसा, दोघं तळावर होती. मेंढरं घेऊन गडी चारायला गेला होता.

"आवं बाई, आदी खावा, मग काय ती चित्रं दावा," म्हणत हौसानं ज्वारीची भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ आमटी) पुढ्यात ठेवलं. माडगं फारच तिखट होतं. मी मुकाट्यानं संपवलं.

चाचणी सुरू केली आणि वाऱ्यानं अर्धे पत्ते उधळले. हौसा पळत जाऊन एकेकावर पाय देत सुटली. "लक्ष्मी हाय का काय ह्यात?" बिराप्पा ओरडला. "न्हाई, बाईंची नोकरी हाय!" ती म्हणाली. मलाही हसू आलं.

हसू तेवढ्यापुरतंच. मेंढीच्या पत्त्याला धुळाबांनी डावं बोट शेतावर ठेवलं. घोंगडीला चादर सोडून मेंढी दाखवली. कुऱ्हाडीला हातोडा सोडून बाभळ. एकामागून एक चूक. शेवटी बेरीज केली, छापील तक्त्याशी ताडून पाहिली. तक्ता म्हणत होता, 'अर्थबोध नाही'.

बिराप्पा वाटच बघत होता. "बाई, आमाला येकच सांगा. म्हाताऱ्याला कळतंय का न्हाई? आमी परवा नदीकाठच्या रानात निघतोय, चार महिने. कळत आसंल तर संगं नेतो. नसंल तर माधवनगरला भनीकडं ठेवतो. पत्र्याची खोली हाय तिची."

"कळत नाही," मी म्हणाले. विचारलं की सरळ सांगायचं, ही माझी सवय.

बिराप्पानं मान हलवली आणि बापाची वळकटी बांधायला घेतली. धुळाबा बघत होते. मी पत्ते मोजून पिशवीत भरले.

परतीच्या एसटीला अवकाश होता म्हणून थांबले. ऊन कलल्यावर मेंढरं आली आणि एकच कालवा झाला. हौसानं वाघर उचलली. कोकरं सुटली, आया ओरडत धावल्या. मला सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसत होत्या. थोरली कोकरं आपापल्या आईखाली शिरली. दोन-चार दिवसांची मात्र चुकत होती. हौसा एकेक उचलून मेंढीखाली लावत होती.

तेवढ्यात काठी दगडावर आपटल्याचा आवाज आला. धुळाबा. हौसानं हातातलं कोकरू दाखवलं. त्यांनी डाव्या हातातल्या काठीनं कळपाच्या पार पलीकडचं टोक दाखवलं. ती तिकडच्या एका मेंढीकडे गेली. त्यांनी मान हलवली, नाही. शेजारची. त्या मेंढीनं कोकराची शेपटी हुंगली आणि ती निमूट उभी राहिली. कोकरू प्यायला लागलं.

पुन्हा काठी. पुन्हा एक कोकरू, पुन्हा नेमकी त्याची आई. पाच वेळा मी पाहिलं. एकदाही चूक नाही.

"हौसा, हे रोज असं?"

"व्हय की. मामाबिगार (मामा म्हणजे सासरे) मला कुटं वळकतंय?"

"मग मेंढीच्या चित्राला त्यांनी शेत का दाखवलं? गाय होती की शेजारी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मेंढरू गायीपाशी जाऊन काय करंल? मेंढरू वावरात बसतंय. लेंड्या पडत्यात, शेतकरी त्यापायी जवारी देतोय. त्येच्यावरच तर आमचं प्वाट."

घोंगडी मेंढीपासून होते. कुऱ्हाडीनं बाभळीचा पाला पाडतात. सगळी उत्तरं एका धाग्यातली होती. तो धागा आमच्या संगणकात नव्हता, कारण उत्तरं भरणाऱ्या आम्हा कुणालाच तो ठाऊक नव्हता.

मी बिराप्पाकडे गेले. "मी चुकले. त्यांना कळतं."

"आता गं! मघाशी तर म्हनला न्हाई. कागदात बघून म्हनला."

"कागद चुकीचा आहे."

"शिकल्याली मानसं तुमी. कोकरांचं म्हनाल तर ती हाताची सवय हाय. कुत्र्यालाबी मेंढरू कळतंय." तो गाठ आवळत राहिला. माझा एक शब्द त्याला पटला होता, दुसरा पटेना.

मग सुचलं की त्यांना स्वतःला कुणी विचारलंच नाही. दोन दिवस मी माणसांच्या समजुतीबद्दल बोलत होते, तेही त्यांच्या मुलांशी. मी धुळाबांच्या पुढ्यात उकिडवी बसले. "आबा, लेकीकडे माधवनगरला जायचं, की मेंढरांबरोबर?"

ते उठले. उजवा पाय ओढत वळकटीपाशी गेले, डाव्या हातानं दोरी धरली आणि वळकटी फरपटत घोड्यापर्यंत नेली. उचलता येईना. तिथेच तिच्यावर बसले आणि लेकाकडे बघत राहिले.

हौसा म्हणाली, "आवं, बघताय काय? म्हातारं भांडतंय तुमच्यासंगं." बिराप्पानं डोळ्यांवरून हात फिरवला. बापाला उठवून बाजूला बसवलं आणि वळकटी घोड्यावर चढवून बघितली, बसते का.

पुण्याला आल्यावर साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, फार रोचक आहे, पुढच्या तक्त्यात सुधारणा करू. बरोबरच आहे त्यांचं. मी मात्र कपाट उघडून दोन वर्षांच्या उत्तरपत्रिका बाहेर काढल्या. कवठ्याला एसटीला अवकाश होता म्हणून मी थांबले. बाकी कुठल्या घरी थांबले होते? विणकर, कुंभार, एक दाई, एक खाणीतला पाथरवट. 'अर्थबोध नाही' लिहिलेल्या पत्रिका वेगळ्या केल्या. त्या घरांतून माझ्या शब्दावर कुणाची वळकटी कुठे गेली असेल, मला माहीत नाही.

पत्र टाकून भागणार नाही. रजेचा अर्ज दिला आहे. सोमवारपासून एकेका घरी जाणार आहे, चित्रांचे पत्ते न घेता.