आणखी एक घ्या न जी

मला जेवताना आग्रह करणारा शेवटचा माणूस गेला.

देवरावकाका, मूर्तिजापूरचे. आज त्यांची तेरवी होती. आत्ताच मी अमरावतीला परत आले.

ते माझ्या नात्यातले नव्हते. आम्हा दोघांना शुगर, एवढंच नातं.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझी गोळी वाढवली आणि म्हणाले, बाजूच्या खोलीत काउन्सेलर मॅडमचा ग्रुप असतो, तिथे बसत जा. मला रागच आला. मी कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवते, मला कोण काय समजावणार?

काका माझ्याही वरचे. दारातच अडले.

"मॅडम, मले शुगर हाय. डोकं बराबर हाय माहं."

मॅडम हसल्या. "रोज मोजायचं, रोज मन मारायचं. कंटाळा नाही येत काका?"

काका आत आले, खुर्चीवर बसले.

"येते न बाई. लय येते."

शुगर किती आहे ते सगळेच विचारतात. कंटाळा आला का, हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

मी तर लग्नाला जाणंच सोडलं होतं. पंगतीत कुणी जिलेबी घेऊन समोर उभं राहिलं की माझ्याच्यानं 'नाही' म्हणवत नसे. खायचे, आणि घरी येऊन स्वतःवर चिडून रडायचे. एकटी राहते, त्यामुळे रडायला मोकळीकच.

म्हणून मॅडमनी 'नाही' म्हणायची प्रॅक्टिस ठेवली. एकानं आग्रह करायचा, दुसऱ्यानं ठाम नकार द्यायचा.

आग्रहाचं काम काकांनी मागून घेतलं. तरुणपणी गावातल्या प्रत्येक पंगतीत बुंदीची बादली यांच्याच हातात असायची म्हणे. पाण्याचा रिकामा जग घेऊन माझ्यासमोर उभे.

"घ्या न जी ताई. एकच."

"नको काका."

"आता काहून नको? नवरीच्या मायले काय सांगू मी?"

मला हसू फुटलं आणि मी ओंजळ पुढे केली. नसलेली बुंदीसुद्धा मला नाकारता आली नाही!

मग त्यांची पाळी. मी आग्रह केला, तर काका जगाच्या कडेवरून बोट फिरवत बसले.

मॅडम म्हणाल्या, "नाही म्हणा ना काका."

"कोनाले म्हनू? घरवाली गेली तवापासून मले कोनी जेव सुद्दा म्हनत नाही. गोळी घेतो अन् तसाच झोपतो."

मॅडमचा चेहरा उतरला. गोळी घेऊन उपाशी झोपलं की शुगर एकदम खाली जाते, हे त्यांनी काकांना पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांचा गृहपाठही बदलला. नाही म्हणणं राहू द्या, रोज कुणासोबत तरी जेवा.

काकांचा मुलगा पुण्याला. घरात कुणी नाही.

मी म्हणाले, "मी पण एकटीच जेवते."

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन स्पीकरवर. ते मूर्तिजापुरात, मी इथे.

"बसल्या का ताई जेवाले?"

भाजी काय, मीठ जास्त झालं का, एवढ्याच गप्पा. पण शेवटी ठरलेलं.

"आणखी एक घ्या न जी."

"नको काका."

"अर्धी तरी."

"काका, पुरे म्हटलं ना!"

"हां. आता जमलं."

नंतर नांदगाव खंडेश्वरला मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नात मी जिलेबीला नाही म्हणाले. मांडवातूनच काकांना फोन लावला. स्वतःच्या नातीचा पहिला नंबर आल्यासारखे खूश झाले.

मग एका संध्याकाळी फोन वाजत राहिला. शेवटी शेजाऱ्यांनी उचलला. हार्ट.

आज तेरवीच्या पंगतीत त्यांचा मुलगा बुंदीची बादली घेऊन माझ्या पानासमोर आला.

"घ्या ना ताई. बाबांच्या नावानं."

"नको," मी म्हणाले. डोळ्यांत बघून, अगदी मॅडमनी शिकवलं तसं.

"बरं," म्हणाला आणि पुढच्या पानाकडे गेला.

एकदाच विचारलं हो त्यानं.

बादली पार पंगतीच्या टोकाला गेली तरी मी तिच्याकडेच बघत होते.

काका, बसले मी जेवायला. फोन समोरच ठेवलाय, सवयीनं.

गोळी घेतली आहे. उपाशी झोपणार नाही.

माझी काळजी नको. या आता.