मागाच्या दांड्याचा बेस

एका माणसाशी मी एकदाच खोटं बोललो आणि मग बारा वर्षं गप्प बसलो. गप्प बसणं मला जमतं. बायको म्हणते, "तुमच्यापेक्षा तुमचा रंधा जास्त बोलते." आता त्या माणसाला सगळं सांगून झालं आहे, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

मी सुतार. बल्लारपुरात दुकान आहे. वडील दारं-खिडक्या आणि पलंग करायचे, मीही तेच करत होतो. आमच्याकडे भीमगीतांच्या पार्ट्या गावोगाव फिरतात. त्यांतल्या एका पार्टीचा बेस गिटार टेम्पोतून पडला आणि त्याची मान तुटली. दुसरं कोणी हात लावेना म्हणून माझ्याकडे आला. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिचा आवाज कानाआधी छातीला कळतो. तो तुटलेला बेस मी पूर्ण उघडला, आतून पाहिला, आणि वाटलं की हे आपल्यालाही जमेल. लगेच जमलं नाही. पहिले दोन बेस घरात कपडे टांगायच्या कामी आले. तिसरा वाजला.

तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली आहे. अंग शिवणीच्या लाकडाचं, कारण शिवण हलकी असते आणि तीन-तीन तास उभं राहून वाजवणाऱ्याचा खांदा वाचतो. मान, म्हणजे आम्ही तिला नेकच म्हणतो, सागवानाची. नेकवर जी पट्टी बसते, जिच्यावर बोटं चालतात, ती तेंदूच्या गाभ्याची. तेंदू म्हटलं की लोकांना पानं नि बिडी आठवते. पण म्हाताऱ्या तेंदूचा गाभा काळाभोर आणि दगडासारखा कठीण असतो, बोटं घासून झिजत नाही. सूर लावायच्या किल्ल्या, तारा आणि नेकच्या पोटात घालायची लोखंडी सळई तेवढी कुरिअरने येते. ती सळई महत्त्वाची. चार तारांचा ताण असा असतो की सळई नसेल तर नेक धनुष्यासारखी वाकेल.

दुकानात विकत मिळणाऱ्या बेसशी माणसाला जुळवून घ्यावं लागतं. माझ्याकडे उलटं. मी माणसाला बसवतो, उभा करतो, त्याचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवतो. करंगळी कुठवर जाते, अंगठा नेकच्या पाठीवर कुठे टेकतो, मनगट कधी दुखायला लागतं, हे सगळं विचारतो. तेवढ्यापुरतं माझं तोंड चालतं. एका बेसला दोन महिने जातात. तारा लावल्या तरी लगेच देत नाही, आठवडाभर टांगून ठेवतो. लाकडाला ताणाची सवय होऊ द्यावी लागते.

तर हा माणूस. कारखान्यात कामाला, आणि सुटीच्या दिवशी पार्टीत बेस वाजवणारा. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणतो. तो मला मिस्त्री म्हणतो. त्याची आई गेली त्या उन्हाळ्यात तो स्कूटरला आडवा बांधून एक लाकडी दांडा घेऊन आला. मनगटापेक्षा बराच जाड, गोल, तुपासारखा गुळगुळीत.

"मायच्या मागाचा हाये," तो म्हणाला. "कापड विनलं का यावर गुंडाळाचं. माग कधीचाच मोडला, हा दांडा तेवढा राह्यला. याची नेक होते का?"

मी दांडा हातात घेतला. जुनं सागवान, रेषा सरळ, कुठे गाठ नाही. म्हटलं, "यापेक्षा चांगलं लाकूड मला मिळणार नाही."

"एक कर मंग. पाठीकडून रंधा नको मारू. जशी गोलाई हाये तशीच राहू दे. जिथी तिचा हात फिरला तिथी माहा अंगठा लागला पाहिजे."

हे त्याचं एवढंच मागणं होतं. आणि गंमत अशी की दांड्याची गोलाई नेकच्या पाठीसाठी हवी तेवढीच होती. जणू मापच दिलं होतं.

दांड्याची एक बाजू उभी तासून सपाट केली. त्या बाजूने खाच पाडून सळई बसवली. खोली ठरवायला मी दांड्याची जाडी दोन्ही टोकांना मापली, दोन्हीकडे सारखी आली. मधे मापली नाही. तीस वर्षं सुतारकाम करून मधे मापायचं सुचलं नाही, कारण दांडा हाताला सरळ लागत होता. पण त्या बाईने त्या दांड्यावर पोट टेकवून वर्षानुवर्षं कापड विणलेलं. मधला भाग झिजून आत गेला होता. इतक्या हळूहळू, की डोळ्याला दिसत नव्हता.

पाठीवर चकाकीपुरता बारीक पॉलिश कागद फिरवत होतो. एक काळपट रेघ दिसली. वाटलं, लाकडाचीच रेघ असेल. आणखी दोनदा कागद फिरवला आणि रेघेतून लोखंड चमकलं. सळई पाठीतून बाहेर आली होती, करंगळीएवढ्या लांबीत.

मी दुकानाचं शटर खाली ओढलं, भर दुपारी. काय करावं सुचेना. पुढे कळलं की पाठीला खाच उघडी पडली तर दुसऱ्या लाकडाची पट्टी बसवून ती बंद करता येते. कित्येक मोठ्या कारखान्यांचे बेस मुद्दामच पाठीतून खाच पाडून, वर पट्टी बसवून बनवतात. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तरी केलं असतं का, हे आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. लाज अशी होती की त्याच्यासमोर ते फुटलेलं लाकूड धरायचं नव्हतं, एवढंच मला कळत होतं.

आरा मशीनवरून आलापल्लीच्या सागवानाची एक फळी आणली. चांगलीच होती, त्यात फसवणूक नाही. तिची नेक केली, पाठ गोल केली. नवं सागवान पिवळट दिसतं. म्हणून हिरडे उकळले, त्या पाण्यात गंजके खिळे टाकून ठेवले आणि ते पाणी नेकला दोनदा चोपडलं. वरून जवसाचं तेल. तीन दिवसांत फळी पन्नास वर्षांची झाली. मायचा दांडा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला.

भाऊ आला. बेस गळ्यात घातला, डोळे मिटले आणि अंगठा पाठीवरून सावकाश वरखाली केला.

"तिचाच हाये," तो म्हणाला.

मी म्हटलं, "हो."

तेच ते एकदाच बोललेलं खोटं.

बेस उत्तम वाजला. ते काही खोटं नव्हतं. भाऊ प्रत्येक कार्यक्रमात गाणी सुरू व्हायच्या आधी बेस वर धरून सांगायचा, की हा माझ्या मायच्या मागाचा आहे, यातून तिचा ठोका ऐकू येतो. लोक टाळ्या वाजवायचे. बायाबापड्या डोळे पुसायच्या. आणि मग लोक माझ्याकडे यायला लागले. कोणी बापाच्या पलंगाचा पाय घेऊन, कोणी जुन्या दाराची चौकट घेऊन. मूलहून आले, आरमोरीहून आले, सिरोंच्याकडून एक तेलुगू बोलणारा मास्तर आला. माझं जे काही नाव झालं ते त्या एका गोष्टीवर झालं. यातल्या एकाचंही लाकूड मी बदललं नाही. प्रत्येक लाकूड वीतभर अंतरावर पाच ठिकाणी मापतो. पण म्हणून मूळचं काही मिटत नव्हतं. भाऊ दुकानात चहाला यायचा, आणि मी वर माळ्याकडे न बघता बसायचो.

यंदा उन्हाळ्याआधी तो पोरीला घेऊन आला. पोरगी कॉलेजात आहे, बापाचं ऐकून ऐकून बेस शिकली. बापापेक्षा बरी वाजवते, हे बापच सांगतो.

"हिचा हात लहान पडते," भाऊने बेस माझ्या मेजावर ठेवला. "नेक तासून बारीक कर. आता हिनंच वाजवाचा. आजीचं लाकूड नातीच्या हाती गेलं पाहिजे."

"आणि तुम्ही काय वाजवणार?"

"मी टाळ्या वाजवीन ना बे."

पोरगी हसली. मी तारा सैल केल्या, नेक सोडवली, शिकंज्यात धरली. रंधा उचलला. पहिल्याच फेरीत हिरड्याचा रंग निघाला असता आणि खालून पिवळं लाकूड दिसलं असतं. त्यांना घरी पाठवून, तासून, पुन्हा रंगवून देता आलं असतं. हिरडे अजून डब्यात होते. रंधा लाकडाला टेकवला आणि हात पुढे सरकेना.

"भाऊ, हे तुमच्या आईच्या मागाचं नाही."

त्याला थट्टा वाटली. "मंग का तुह्या सासऱ्याच्या तिफनीचं हाये?"

"आलापल्लीचं आहे. मी आरा मशीनवरून आणलेलं. तुमचा दांडा माझ्याकडून फुटला होता."

तो हसतच होता, मग थांबला. "बारा वर्सं झाली, मिस्त्री."

"हो."

"आन् माह्या मायचा?"

मी स्टुलावर चढून माळ्यावरून गुंडाळी काढली. त्याने चादर स्वतः सोडली. तासलेला दांडा घेऊन तो दाराच्या उजेडात गेला. अंगठा फिरवता फिरवता मधे थांबला.

"इथी खोल लागते."

"तिथं झिजलं होतं. आई पोट टेकून विणायच्या, त्याने. मी मापलं नाही, म्हणून तिथंच फुटलं."

त्याने दांडा पोरीच्या हातात दिला. मग म्हणाला, "फुटलं तं फुटलं. लाकूडच हाये ते. मले काऊन नाई सांगितलं? मी हजार लोकाईले खोटं बोलून राह्यलो ना, माईक हातात घेऊन. मायच्या नावानं." आणि स्कूटर काढून निघून गेला. पोरगी मागे राहिली. तिने दांडा उलटापालटा करून पाहिला.

"काका, हे दुरुस्त होते का?"

"होते."

"मंग करा."

"बाबांना विचार आधी."

"ते येतीन," ती म्हणाली. "तोंड सुजवून येतीन, पण येतीन."

तो दोन-अडीच महिने आला नाही. मी काम सुरू केलं. फुटलेली जागा कडेकडेने सरळ करून घेतली, तेंदूच्या काळ्या गाभ्याची पट्टी तासली आणि पाठीत लांबवर बसवली. सागवानी रंगात ती काळी पट्टी लगेच डोळ्यात भरते. लपवायला मी काही केलं नाही. पोरीच्या पंजाचं माप घेतलं होतं, त्याप्रमाणे बाजू कमी केल्या. पाठीला मात्र हात लावला नाही. मग ती नेक शिवणीच्या नव्या अंगावर बसवली आणि जुन्या बेसला त्याची नेक परत लावली. भाऊ पुन्हा येईल की नाही याची धाकधूक होती, ती होतीच. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा माळ्याखाली निवांत बसून काम केलं. बायको एकदा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "गुणगुणून राह्यले का तुम्ही?" मला माहीतच नव्हतं.

मग एक दिवस पहिली पाळी संपवून तो आला. जय भीम नाही, काही नाही. टांगलेला बेस खाली घेतला, पाठ पाहिली.

"पट्टी दिसते."

"दिसणारच."

"थिगळ लावलेल्या लुगड्यावानी दिसते." अंगठा फिरवला. मधे, खोलगट जागेवर, तो बराच वेळ थांबला. दुसरीकडे बघत म्हणाला, "रविवारी दुपारी कार्यक्रम हाये, धानोऱ्याच्या पुढे. विहाराच्या पटांगणात. येजो."

"बघतो."

"बघतो नाई. येजो."

गेलो. मांडव घातला होता, चारपाचशे माणूस असेल. मी कडेला, कुलरजवळ बसलो. पोरगी नवा बेस गळ्यात घालून उभी होती. भाऊ जुना घेऊन माईकपाशी आला. नेहमीसारखा त्याने तो वर धरला.

"बारा वर्सं मी तुम्हाले सांगत आलो का हा माह्या मायच्या मागाचा हाये. हा तो नाई. हा आलापल्लीचा हाये. मायचा दांडा मिस्त्रीकडून फुटला आन् त्यानं मले फसवलं. तो मिस्त्री इथीच हाये. तिथी, कुलरपाशी, हवा खात बसला हाये. उठ ना बे मिस्त्री, लोकाईले दिसू दे!"

सगळी डोकी वळली. मी उठलो. कुठूनतरी एक पोरगा ओरडला, "काका, तुम्ही तं फेमस झाले ना!" हशा पिकला.

"आता बसू नको," भाऊ माईकवरून म्हणाला. "असली दांडा माह्या पोरीजवळ हाये. त्याची पाठ फुटली होती, ती यानंच जोडली. आधी आइक, मंग बस."

पोरीने पहिला सूर लावला. तो जमिनीतून पायात आला आणि वर चढला. जुन्या सागवानाचा सूर नव्यापेक्षा जरा कोरडा असतो आणि जास्त वेळ टिकतो. बारा वर्षांपूर्वी मीच तो माळ्यावर टाकला होता. मी उभा राहून ऐकत होतो. भाऊही वाजवणं सोडून पोरीकडे पाहत होता.

मागून एका म्हातारीने माझ्या कमरेत काठीचं टोक टोचलं.

"झालं ना बाप्पा आता? बस ना खाली. पोरगी दिसून नाई राह्यली."

मी बसलो.