विमानांवरही खोटा आळ न घेणाऱ्या सुलभाबाई

सुलभाबाईंची आणि माझी पहिली भेट मूल गावी, कॉलेजच्या मैदानात झाली. भौतिकशास्त्राचा तास संपवून त्या बाहेर आल्या होत्या आणि मी मान वर करून विमानामागची पांढरी रेघ पाहत होतो. तळ्यात जाळं टाकणाऱ्या घरातला मी, कॉलेजात नवखा. धीर करून विचारलं, "मॅडम, विमान धूर सोडून राह्यलं का?"

"धूर नाई बाबू, बर्फ हाये तो," असं म्हणून त्या तिथेच उन्हात उभ्या राहून समजावू लागल्या.

हाच त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. इंजिनातली वाफ आणि काजळी वरच्या अतिथंड हवेत पोचली की काजळीच्या कणांभोवती बर्फ धरतो. हवा दमट असेल तर रेघ विरत नाही, पसरते. तिचा पातळ ढग होतो आणि जमिनीची वर जाणारी उष्णता अडवतो. कार्बन डायऑक्साइड साठत जातो तो वेगळाच. बाई हे गावोगाव सांगत. ऐकायला फारसं कोणी नसे.

मग एका वर्षी धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या आधीच पावसानं दडी मारली. विमानं ढग पळवतात, अशी बोलवा उठली. एका पुढाऱ्यानं सभा बोलावली आणि बाईंना व्यासपीठावर बसवलं. त्यांच्या विषयासाठी एवढी गर्दी पहिल्यांदाच जमली होती. मी माइकजवळ उभा होतो.

"बाई, विमानानं पाऊस पळवला, एवढंच बोला. पुढचं आमी पाहतो," पुढारी हळूच म्हणाला.

बाई उठल्या. विमानांमुळे हवा तापते हे त्यांनी सांगितलं. आणि पुढे म्हणाल्या, "पण यंदाचा पाऊस त्यायनं पळवला, याचा पुरावा माह्याजवळ नाई. नाई ते मी काऊन सांगू?"

आरडाओरडा झाला. "बाई विमानवाल्यायची हाये!" असं ओरडून लोक उठून गेले. त्यांत माझे वडीलही होते. त्यानंतर बाईंना गावांतून बोलावणं येईनासं झालं.

त्या वर्षी तळं आटलं, मासोळी संपली. वडिलांनी माझं कॉलेज सोडवून मला मजुरीला पाठवायचं ठरवलं. हे कळताच बाई आमच्या दारात आल्या.

वडील खाली मान घालून म्हणाले, "बाई, मी त्या दिवशी तुमच्यावर वरडलो होतो."

"आयकलं होतं मी. पोराले माह्या घरी राहू द्या, पण शिकू द्या."

पदवी मिळेपर्यंत मी त्यांच्याच घरी जेवलो. पुढे त्याच कॉलेजात त्यांचा सहकारी झालो.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या आहेत. विमानं वाढली आहेत, आणि उन्हाळा त्यांना आता सोसत नाही. त्यांच्यावरच्या या गौरवग्रंथाची बातमी द्यायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "गौरव कायचा करता रे? माह्या बोलण्यानं एक तरी गोष्ट बदलली का?"

 

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि त्यांच्या हयातीत एकदा तरी एखाद्या गावानं त्यांच्या दारी येऊन म्हणावं, "बाई, जे खरं हाये तेच सांगा. आमी बसून आयकतो."