माग थांबल्यावर

आज दुपारी लाईट गेली, पंखा घरघरत थांबला आणि कबनूरच्या सासरहून कोल्हापूरला समुपदेशनासाठी पहिल्यांदा गेले होते तो दिवस आठवला. लग्नाला वर्ष होत आलं होतं. नवरा जवळ आला की जीव जाईल असं दुखायचं, तपासण्यांत काही सापडत नव्हतं आणि तो म्हणायचा, "नाटकं करतीया." त्या दिवशी तोच बाहेर बाकावर पहाऱ्याला बसावा तसा बसला होता. आत फिनेलचा वास होता. समुपदेशक मॅडमनी मला डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायला लावला. डोक्यावर पंखा घरामागं नवरा चालवायचा त्या यंत्रमागासारखा खडखडत होता, आणि त्या आवाजात कित्येक दिवसांनी माझे खांदे सैल पडले. तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला तशा माझ्या मुठी वळल्या, मांड्या आवळल्या, दातावर दात बसले. "इथं तर कुणी हातसुद्धा लावला नाही तुम्हाला," मॅडम हळूच म्हणाल्या, "मग काय झालं?" मी म्हटलं, "घरी यंत्रमाग बंद झालं की असंच हुतंय." "बंद झाल्यावर काय होतं?" "ते घरात येत्यात." हे माझ्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं. मॅडमनी लिहायला पेन उचललं, पण हात तसाच राहिला. त्या माझ्या पाठीमागं बघत होत्या. मी वळले, तर दाराखालच्या फटीत नवऱ्याचे चपला घातलेले पाय दिसत होते, तिथं कधीपासून उभा होता कुणास ठाऊक. आता मी एकटी राहते, दाराला कडी मीच लावते. तरी आज पंखा थांबल्यावर माझी नजर आधी दाराखालच्या फटीकडंच गेली.