सुलतानचं नाव छापा

बातमी ऑफिसात कळली. ताई ज्या फार्महाउसवरचे घोडे तपासायची, तिथला सईस, घोडे सांभाळणारा, फोनवर होता. "दीदी, डॉक्टरसाहिबा को घोडी ने लात मार दी," एवढंच म्हणून तो रडायला लागला. मी गुरुग्रामच्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा ताई शुद्धीवर होती. पोटात रक्तस्राव झालेला, ओठ पांढरेफटक, आणि ही बाई मला काय सांगते, तर "शीलू, घोडीला मारू देऊ नकोस गं. तिचा दोष नाही." मग कुणाचा? "तुला माहितीये," म्हणाली आणि डोळे मिटले... संध्याकाळी ती गेली. माझी थोरली बहीण, डॉ. संघमित्रा, घोड्यांची डॉक्टर. आता लोक म्हणतात, राग सोड. का म्हणून सोडू?

त्या फार्महाउसच्या मालकाचं नाव छापता येणार नाही, असं पुरवणीच्या संपादकांनी आधीच सांगून ठेवलंय. ठीक आहे. घोड्याचं छापायला तर हरकत नाही ना? त्याचं नाव सुलतान.

आम्ही मूळच्या नागपूरच्या, पण वाढलो दिल्लीत, बाबांच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. लग्नसराईत समोरच्या रस्त्यावर वराती निघायच्या. मी नवरदेवाचा सेहरा बघायचे, ताई घोडी बघायची. एकदा तिने भर वरातीत घुसून घोडीवाल्याला दम भरला होता, "भैया, इसको बैंड से दूर खडा करो, देखते नहीं कैसे काँप रही है!" आईने कान धरून घरी आणलं. जनावरांची डॉक्टर होणार हे तिने त्याच दिवशी जाहीर केलं, आणि झालीही. माझं म्हणाल तर मला आजही घोड्याची भीती वाटते.

ताई म्हणायची, मारवाडी घोडा तल्लख असतो, मानी असतो, पण दुष्ट नसतो. दुष्ट त्याला आपण करतो. जोड्या लावताना रंग बघतो, कानांची टोकं जुळतात का बघतो, कपाळावरचा भोवरा शुभ की अशुभ ते बघतो, आणि स्वभाव मात्र कुणी विचारत नाही. सुलतान दुधासारखा पांढरा, भोवरा अगदी जागच्या जागी. सईसांना चावायचा, दोन पायांवर उभा राहून अंगावर यायचा. तरी लांबलांबून घोड्या त्याच्याकडे यायच्या, कारण वरातीला पांढरं जनावर लागतं. रंग बिघडू नये म्हणून मालकाने त्याला त्याच्याच पोरी दाखवल्या, म्हणजे त्यांच्याशीच जोडी लावली. त्यांची शिंगरं कशी निपजली? कुणी हात लावला की भिंतीला लाथा घालायची. ताई कितीदा म्हणाली, "साहब, इसको बधिया करवाइए." म्हणजे खच्ची करा. तो हसायचा. "डॉक्टरसाहिबा, खानदान देखिए इसका! दिल्ली की आधी बारातें इसी के खून पर चलती हैं." ताई घरी येऊन चहा ढवळत म्हणायची, "बघ ना यार, माणसांनी जन्मभर आपलं खानदान विचारलं. आणि हा घोड्याचं खानदान सांगतो, पण बापाचे दात लपवतो!"

या धंद्यात एक रीत आहे. दुसऱ्याच्या घोड्याची खोड चारचौघांत काढायची नाही. मालकाला आडबाजूला घेऊन सांगायचं, आणि त्याने नाही ऐकलं तर गप्प बसायचं. ताईने ती रीत अगदी सभ्यपणे पाळली. ज्या घोडीचं ती त्या सकाळी ड्रेसिंग बदलत होती, ती सुलतानची मुलगीही होती आणि नातही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मयूर विहारला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. वंदना झाली आणि मालक शुभ्र कुर्त्यात, भलंमोठं पुष्पचक्र घेऊन, घोडेवाल्या मित्रांचा घोळका घेऊन आला. माइक हातात घेऊन म्हणाला, "होनी को कौन टाल सकता है? जानवर था, बिदक गया." बुजलं म्हणे! माझ्या डोक्यात तिडीक गेली. आई ओढणी धरून मागे ओढत होती, तरी मी उठले, माइक हिसकावला आणि त्या घोळक्याकडे तोंड करून हिंदीत बोलले, एकही शब्द कुणाचा सुटू नये म्हणून. "बिदकी नहीं. वो सुलतान की बेटी भी है और नातिन भी. मेरी बहन इनको बरसों से मना कर रही थी. जिस-जिस के यहाँ सुलतान का बच्चा है, दूल्हे के आगे किसी छोटे बच्चे को उस पर मत बिठाना." मालकाचा चेहरा काळाठिक्कर पडला, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

त्यानंतर सुलतानकडे घोड्या यायच्या बंद झाल्या. मग मालकाचा फोन आला. "आपने मुझे बरबाद कर दिया! चाहती क्या हैं आप?" मी म्हटलं, ताई मागत होती तेच. सुलतान खच्ची करा, माझ्या डोळ्यांसमोर. त्या घोडीला मारायचं नाही, वरातीत न्यायचं नाही, आणि तिला शिंगरू होऊ द्यायचं नाही. तसं झालं तर सुलतानपासून आता धोका नाही, हेही त्याच लोकांना मी स्वतः सांगेन. तो शिव्या घालत राहिला, मी ऐकत राहिले. शेवटी कबूल झाला.

मी गेले. दुसरे डॉक्टर आले होते. इंजेक्शन दिल्यावर सुलतानची मान हळूहळू खाली आली, आणि तो इतका देखणा होता की मलाही क्षणभर गलबलून आलं... त्याचा काय दोष होता? पण मी जागची हलले नाही. काम उरकल्यावर मालक त्याच्या गळ्याला मिठी मारून हमसून हमसून रडला. ताईच्या फोटोसमोर या माणसाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. डोळे पुसत मला म्हणाला, "अब तो माफ किया न, बहनजी?"

"नहीं," म्हटलं आणि मेट्रोने घरी आले.

ताईचा खाकी एप्रन आमच्या बाथरूमच्या दारामागे लटकतोय. घोड्यांचा वास अख्ख्या घरात येतो. आई रोज म्हणते, धुऊन टाक गं आता, किती दिवस ठेवशील? मी म्हणते, राहू दे. माझा राग अजून उतरलेला नाही.