साहेब, लेक देता काय?

माझं लग्न मोडलं ते आईच्या हुशारीमुळं. हे मी तिच्या तोंडावर कैकदा बोललोय, आणि दरवेळी तिनं मलाच झापलंय.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावाच्या माळावर अणूचा कचरा पुरायला सरकार जागा बघतंय, अशी बातमी आली. लोकांना समजवायला जीपमधून एक साहेब आले. नेमके त्याच दिवशी माझे होणारे सासरे कबनूरहून लग्नाची तारीख धरायला आले होते. सुपारी आधीच फुटली होती. मुलगी मला मनापासून आवडली होती, एवढं सांगितलं तरी पुरे. गावाचा रुबाब दिसावा म्हणून आईनं व्याह्यांना सभेत अगदी पुढं बसवलं.

साहेब गोड बोलत होते. कचरा काचेत घालणार, काच पोलादात, पोलाद जमिनीत खोल. हजारो वर्षं केसालाही धक्का लागणार नाही.

"शाळंची गच्ची बी सरकारनंच बांधलीया," मागून कुणीतरी ओरडलं, "दुसऱ्याच पावसात पोरं छत्र्या घिऊन बसली की!"

हशा ओसरला तशी आई उठली.

"साहेब, तुमास्नी लेक हाय काय?"

"आहे ना. कॉलेजात शिकते."

"मग आमच्या गावात देता काय? पोरगं मी बघते. म्हशी हायत, बागायत हाय. माळाला लागूनच रान हाय."

साहेब हसले. आई हसली नाही. "चेष्टा न्हाई करत. धोका न्हाई म्हंतासा न्हवं? मग द्या की."

साहेबांनी चष्मा पुसला. "हे... तिच्या आईला विचारावं लागेल," म्हणाले. मग काय, शिट्ट्या, टाळ्या! माझे सासरे तर मांडीवर थाप मारून हसत होते. साहेब चहा न घेताच जीपमध्ये बसले. माझी छाती अभिमानानं फुगली होती.

घरी मटण शिजत होतं. सासऱ्यांनी मात्र टोपी डोक्यावर चढवली. सकाळपासून आईला इहीणबाई म्हणणारा माणूस आता म्हणाला, "ताई, सवाल लाखात एक इचारलासा. पर साहेब आपली लेक दीना, तर मी माझी कशी देऊ?"

आईनं मटणाचं पातेलं चुलीवरनं उतरवलं. मटण शेजाऱ्यांनी संपवलं.

पुढं काही महिन्यांनी चावडीवर निरोप आला, माळाचा बेत रद्द. मी धुतलेला सदरा चढवून एसटीनं थेट कबनूर गाठलं. सासऱ्यांच्या यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. त्यांनी माग थांबवला, मला बसवलं, आतून चहा मागवला. चहा त्यांच्या लेकीनंच आणला आणि ती दारातच थांबली.

"मामा, आता खड्डा व्हत न्हाई," मी म्हणालो. "काय बी भ्या न्हाई."

"कोण म्हणालं?"

"सरकार."

त्यांनी माझ्याकडं मायेनं पाहिलं. "धोका न्हाई म्हणालं, त्ये बी सरकारच हुतं न्हवं? तवा तुमी इस्वास ठेवला न्हाईसा. मग आता मी का ठेवू?"

मी चहा प्यायलो आणि परतीची एसटी धरली.