सराट्याचा काढा

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बांधाकडेनं गोणपाट ओढत चालायच्या. कुणी विचारलं, "म्हातारे, काय हरवलं?" तर म्हणायच्या, "तुजी अक्कल सापडती का बघतेय." गोणपाटाला सराट्याचे, म्हणजे गोखरूचे, काटे चिकटून यायचे. ते वाळवून, कुटून त्या काढा करायच्या आणि मुतखड्यावर द्यायच्या. पार सास्तूर गावाकडून माणसं यायची. "खडा पडला की सांगाय ये, बास," एवढीच त्यांची अट. पुष्कळ जण येऊन सांगायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग त्यांच्याच पायांवर सूज आली. तपासलं तर दोन्ही किडन्या निकामी होत चालल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं, मीठ कमी, पाणी मोजून, भाजी उकडून तिचं पाणी फेकायचं, आणि झाडपाल्याचं काही घ्यायचं नाही. "आजी, हा खडा नाही, किडनीच थकलीय. पथ्य पाळलं तर डायलिसिस लांब राहील." आत्याबाईंनी मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "लेकरू हाय अजून. त्याला सराटा काय ठावं!"

घरी मी भाजीचं पाणी ओतलं की शेजारी ऐकू जाईल असं म्हणायच्या, "सत्व मोरीला अन् चोथा सासूला! लई गुणाची सून हाय." पण जेवायच्या. हळूहळू सूज उतरली. पुढच्या खेपेला रिपोर्टही बरा आला. डॉक्टर म्हणाले, "पथ्य छान सांभाळलंत." मला केवढं हलकं वाटलं.

परत येताना एसटीत त्या माझ्या कानाशी लागल्या. "पथ्यानं कुठं गं! परवापास्नं काढा घेतेय म्या. बघ, कसा गुण आला!"

सूज तर कधीच उतरली होती. तेच सांगायला मी तोंड उघडलं, तोवर पुढच्या सीटवरची बाई मागं वळून त्यांना औषध विचारायला लागली होती.

त्या दिवसापासून पथ्य सुटलं. ताटात लोणचं आलं. वाटीतला काढा तांब्यात गेला. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "लोकांचे खडे पडले, ते काय खोटं होतं?"

खोटं नव्हतं. तेच तर नडलं. खोटं असतं तर मी भांडले असते.

एका सकाळी त्यांना दम लागला. अंग सुजून पार फुगलं होतं. लगेच दवाखान्यात नेलं, मशीन लावलं, पण त्या काही सावरल्या नाहीत. शेवटी शेवटी त्यांनी माझा हात धरला. वाटलं, आता तरी कबूल करतील.

"तुजं काय बी चुकलं न्हाय, पोरी," त्या म्हणाल्या. "काढाच म्या उशिरा सुरू केला."

मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

त्या गेल्या तेव्हा मी खूप रडले. बायका म्हणाल्या, सासूवर फार माया होती हिची. माया होतीच. पण निम्मं रडणं रागाचं होतं.